कणगी नव्हे, चिमूट

टिळकवाडी, बेळगाव

चि. बाळ,

सेमिनारचं टिपण वाचलं. ‘न्यूरोग्लोबिन मेंदूत ऑक्सिजन साठवतं’ या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. न्यूरोग्लोबिन म्हणजे चेतापेशींतलं, ऑक्सिजनला धरू शकणारं लोहयुक्त प्रथिन. वाईट वाटून घेऊ नकोस, मीही बरीच वर्षं वर्गात हेच सांगत होतो.

रविवारी मटणवाल्याकडे जरा निरखून बघ. मांडीचं मटण लालभडक असतं, ते मुख्यतः मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनामुळे. शेजारच्या ताटलीतला भेजा मात्र फिकट. मायोग्लोबिन ऑक्सिजन साठवतं, म्हणजे तुमच्या खानापूरच्या घरातली भाताची कणगीच. भेज्यात तशी कणगी असती तर तोही लाल दिसला नसता का?

आता हिशेब. मेंदूत न्यूरोग्लोबिन सरासरी लिटरला १ मायक्रोमोलच्या आसपास (मायक्रोमोल हे रेणू मोजायचं माप), आणि त्याचा एक रेणू ऑक्सिजनचा एकच रेणू धरतो. मेंदूचा १०० ग्रॅम भाग मिनिटाला साधारण ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो, म्हणजे किलोला सेकंदाला सुमारे २६ मायक्रोमोल. भरगच्च साठासुद्धा सेकंदाच्या पंचविसाव्या भागात संपला! याला कणगी कोण म्हणेल? ही तर चिमूट.

थॉर्स्टेन बुर्मेस्टर, थॉमस हान्केल्न आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे प्रथिन जाहीर केलं, तेही जनुकक्रमांच्या साठ्यात शोधून. त्याची खोड हीममधल्या, म्हणजे ऑक्सिजन धरणाऱ्या भागातल्या, लोहापाशी आहे. मायोग्लोबिनमध्ये लोहाची सहावी जागा ऑक्सिजनसाठी मोकळी असते. इथे प्रथिनाचाच एक हिस्टिडीन (अमिनो आम्ल) तिथे बसलेला, खानापूरच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा. ऑक्सिजनला आधी त्याला उठवावं लागतं. म्हणून मग नायट्रिक ऑक्साइडशी होणारी अभिक्रिया, सायटोक्रोम सी या दुसऱ्या प्रथिनाला इलेक्ट्रॉन देणं, अशी दुसरी कामं सुचवली गेली. एकावरही एकमत नाही. टिपणात तसंच लिही, मार्क कापले तर कापू देत.

मराठी माध्यमातून आल्यामुळे इंग्रजीत प्रश्न आले की अडखळते, असं लिहिलंस. फळ्यावर हा भागाकार मांड. आकड्यांना माध्यम नसतं.

एक गोष्ट मुद्दाम सोडली आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्यात (रेटिनात) हेच प्रथिन मेंदूच्या सुमारे शंभरपट आहे, आणि मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीत ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या भागांच्या, आसपास दाटलेलं. तिथे साठ्याची गोष्ट टिकते का? भागाकार करून ये, तोवर मी रेघ खोडत नाही. येताना तांदूळ आणू नकोस, मागचाच अजून आहे.

तुझा,
सर