हाइड पार्कातलं घर आणि भिंतीवरचे दोन फोटो

तुमची अडचण थोडक्यात अशी: यजमानांना शिकागो विद्यापीठात नोकरी लागली, हाइड पार्कातलं घर व्हिडिओवर पाहून पसंत पडलं, पण घरमालकीणबाई ब्लॅक आहेत आणि त्यांच्या दिवाणखान्यात ओबामांचा आणि ‘कुणी हॅरॉल्ड’ यांचा भलामोठा फोटो आहे. घरात एवढं राजकारण असलेल्यांकडे भाड्यानं राहावं का, असं तुम्ही विचारता. त्यात नेपरव्हिल या उपनगरातले नातेवाईक सांगतात, साउथ साइडला, म्हणजे हाइड पार्क ज्यात येतं त्या शहराच्या दक्षिण भागात, जाऊच नका.

घर घ्या. नातेवाईकांपैकी किती जण त्या रस्त्यानं कधी चालले आहेत, तेवढं विचारून बघा. इथे गल्ली बदलली की वातावरण बदलतं हे खरं आहे, म्हणून करार करण्याआधी ओळखीच्या कुणाला तरी रात्री आठ-नऊला तिथे चक्कर मारायला सांगा. लूपमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागात, जायला मेट्राची (लोकल रेल्वेची) इलेक्ट्रिक लाइन आहे, सहा नंबरची बस आहे. देशी वाणसामान मात्र डेव्हन अव्हेन्यूला, म्हणजे शहराच्या पार उत्तर टोकाला. महिन्याचं एकदम भरायचं.

आता फोटो. ते हॅरॉल्ड म्हणजे हॅरॉल्ड वॉशिंग्टन, शिकागोचे पहिले ब्लॅक महापौर. साउथ साइडच्या बहुतेक जुन्या ब्लॅक कुटुंबांची मुळं दक्षिणेतल्या मिसिसिपी, अलाबामा, अर्कान्सासमध्ये. इलिनॉय सेंट्रलच्या रेल्वेनं आजी-आजोबा इकडे आले. मिसिसिपीत 1964 साली मतदारयादीत नाव असलेले ब्लॅक प्रौढ शंभरात सातही नव्हते. नाव नोंदवायला गेलं की नोकरी जायची, कुळाचं घर जायचं, कधी जीवही जायचा. 1965 च्या मताधिकार कायद्यानं ते बदललं. तुमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या असतील, तर त्यांनी हे घरात ऐकलंय, पुस्तकात वाचलेलं नाही.

शिकागोत ब्लॅक लोकांना मत देता यायचं, पण ते गृहीत धरलं जायचं. वॉर्डातला पक्षाचा माणूस मतं गोळा करायचा आणि बदल्यात मोडक्या शाळा, अपुरी घरं मिळायची. 1983 सालच्या महापौर निवडणुकीत हे फिरलं. एक लाखाहून जास्त ब्लॅक मतदारांची नवी नोंदणी झाली. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत तेव्हाच्या महापौर जेन बर्न आणि रिचर्ड एम. डेली या दोन गोऱ्या उमेदवारांत गोऱ्यांची मतं विभागली आणि हॅरॉल्ड पुढे गेले. शहर डेमोक्रॅट्सचं, त्यामुळे एरवी तिथेच निकाल लागलेला असतो. पण यावेळी हजारो गोरे डेमोक्रॅट रिपब्लिकन बर्नार्ड एप्टनकडे वळले, आणि एप्टनच्या जाहिरातीचं वाक्य होतं, ‘फार उशीर होण्याआधी’. कशाला उशीर, ते सगळ्यांना कळत होतं. 12 एप्रिलला हॅरॉल्ड जेमतेम फरकानं जिंकले. मग 50 पैकी 29 नगरसेवकांनी एकजूट करून तीन वर्षं त्यांची कोंडी केली. 1987 च्या नोव्हेंबरात, महापौर कचेरीत टेबलाशी बसलेले असतानाच ते गेले.

आपल्याकडे ज्या घरात बाबासाहेबांची तसबीर असते, ती कुठल्या पक्षाची म्हणून लावलेली नसते. हा फोटोही तशातलाच आहे.

ओबामा 1985 मध्ये शिकागोत आले तेव्हा महापौर हॅरॉल्डच होते. आणि मिशेल तर इथल्याच, शेजारच्या साउथ शोअरच्या. वडील महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात कामाला, पणजोबांचे वडील साउथ कॅरोलिनात गुलाम. 4 नोव्हेंबर 2008 च्या रात्री, ओबामा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले तेव्हा, शिकागोच्या ग्रँट पार्कात लोक रडत होते, नागरी हक्क चळवळीतले नेते जेसी जॅक्सनही. जे घर बांधायला गुलाम राबवले, त्या व्हाइट हाऊसमध्ये आता आपल्या गल्लीतली मुलगी राहायला चाललीय, असं ते होतं. ज्यांची मतं मोजली गेली नाहीत त्या आईवडिलांची आठवणही त्या रडण्यात होती.

म्हणून एक वाक्य तोंडातून काढू नका: ‘तुमचा राष्ट्राध्यक्ष झाला, आता अडचण काय?’ आपल्या मंडळींच्या जेवणावळीत हे हमखास ऐकू येतं, आणि मला ते अडाणीपणाचंच वाटतं. ओबामा व्हाइट हाऊसमध्ये असताना, 2013 साली, याच शहरानं सुमारे 50 शाळा एकदम बंद केल्या. त्यातल्या बहुतेक ब्लॅक वस्त्यांतल्या. महापौर कोण? ओबामांचेच माजी चीफ ऑफ स्टाफ राम इमॅन्युएल. जवळच्या जॅक्सन पार्कातल्या ओबामा सेंटरचा (ओबामांच्या नावानं उभारलेल्या केंद्राचा) अभिमान आणि त्यामुळे भाडी वाढतील ही धास्ती, दोन्ही एकाच घरात भेटतील. घरमालकीणबाईंना त्या फोटोंबद्दल विचारा, मग कान देऊन ऐका. चहाला वेळ काढून जा, पटकन आटपणार नाही. आणि घरात मराठीत कुणाच्या रंगावरून बोलायची सवय असेल तर विमानात बसण्याआधीच मोडा. मुलं ते शाळेत जाऊन बोलतात.

शेवटी कामाचं. शेजारी विचारतीलच, ‘मतदार म्हणून नाव नोंदवलं का?’ तुम्ही व्हिसावर आहात, नागरिक नाही, हे सरळ सांगा. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना मतदार नोंदणीचं विचारतात, तिथे चुकूनही हो म्हणू नका. पुढे ग्रीन कार्डापर्यंत निस्तरावं लागतं. पण मुलगी सरकारी शाळेत गेली तर लोकल स्कूल कौन्सिलच्या, म्हणजे त्या शाळेच्या निवडून दिलेल्या समितीच्या, निवडणुकीत पालक म्हणून तुम्हाला मत देता येतं, नागरिकत्व लागत नाही. ही कौन्सिलं 1988 च्या कायद्यानं आली, आणि त्या कायद्यामागची पालकांची चळवळ हॅरॉल्डच्याच काळात उभी राहिली. तिथे जरूर मत द्या. मतदान शाळेतच असतं.