वाचकांचे प्रश्न : परदेशातील अनोळखी शहरात स्वतःला कसे सांभाळावे?

उन्हाळी सुटीतील परदेश प्रवासाची आखणी कोल्हापूर परिसरात आता थंडीतच सुरू होते. या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांमध्ये व्हिसा आणि खर्च यांपेक्षा सुरक्षिततेविषयीची विचारणा अधिक आहे. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक आहोत. एप्रिलमध्ये पॅरिस, बार्सिलोना आणि रोम ही शहरे सहल कंपनीशिवाय, स्वतःच्या आखणीने पाहण्याचा विचार आहे. कामापुरते इंग्रजी येते. नातेवाईक म्हणतात, तिकडे पाकीटमारांचा सुळसुळाट आहे, या वयात हे धाडस नको. त्यांचे म्हणणे कितपत खरे आहे? (एक वाचक, ताराबाई पार्क)

उत्तर : पाकीटमारांविषयीचे म्हणणे खरे आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. आपण अवश्य जावे. या तिन्ही शहरांत पर्यटकाला मारहाण होण्याची भीती तुलनेने कमी आणि हातोहात चोरी होण्याची भीती बरीच जास्त आहे, हे एकदा ध्यानात घेतले की सावधगिरी कशाची बाळगायची हे आपोआप ठरते. चोरीच्या जागाही बहुतांशी ठरलेल्या आहेत. पॅरिसमध्ये मेट्रोचा पहिल्या क्रमांकाचा मार्ग आणि मोंमार्त्रच्या टेकडीवरील साक्रे-कर चर्चच्या पायऱ्या, बार्सिलोनामध्ये ला रांब्ला हा रस्ता आणि तेथील मेट्रो, रोममध्ये टेर्मिनी स्थानकाचा परिसर आणि तेथून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस. जोतिबाच्या यात्रेत सासनकाठी पाहण्यासाठी सगळ्यांच्या माना वर झाल्या की खिसेकापूंचे फावते, तसेच आयफेल टॉवरच्या खाली घडते.

चोरीची रीत माहीत असली की निम्मे काम होते, म्हणून एक प्रकार सविस्तर सांगतो. साक्रे-करच्या पायऱ्यांशी रंगीत दोऱ्यांचे गुच्छ घेतलेले तरुण उभे असतात. त्यांपैकी एक जण हसत समोर येतो, ‘इंडिया?’ असे विचारतो आणि आपण उत्तर देईपर्यंत आपल्या बोटात दोऱ्याचा फास अडकवून त्याची वेणी घालू लागतो. बोट अडकले की हात अडकतो, आणि हात अडकला की माणूस जागचा हलत नाही. दोन मिनिटांत मनगटावर घट्ट गाठ बसते, पैशांची मागणी सुरू होते आणि आजूबाजूला आणखी दोघे-तिघे येऊन उभे राहतात. कधी पैसे देऊन सुटका होते, तर कधी या गडबडीत मागच्या बाजूने पिशवी हलकी होते. मूकबधिरांच्या मदतीसाठी म्हणून सहीला पुढे केलेला कागद, कोटावर पडलेला डाग पुसून देणारा ‘सज्जन’, मेट्रोचे दार बंद होता होता हातातला फोन हिसकावून फलाटावर उडी मारणारा मुलगा, या सर्वांचे तंत्र एकच आहे. आपले लक्ष आणि आपला हात एकाच वेळी दुसरीकडे गुंतवायचा. शिवाय चोर सहसा एकटा नसतो. एक वाट अडवतो, दुसरा वस्तू काढतो आणि तिसरा ती घेऊन निघून जातो. त्यामुळे दुसऱ्याला पकडले तरी त्याच्याजवळ काही सापडत नाही.

आपल्याकडे कोणी हाक मारली की थांबायचे आणि विचारले की उत्तर द्यायचे, हा रिवाज आहे. हा चांगला रिवाज तेवढ्या प्रवासापुरता घरी ठेवून जावा. हात खिशात ठेवून, नजर न मिळवता, चालण्याची गती कमी न करता पुढे जाणे हा तेथे उद्धटपणा मानला जात नाही. तेथील रहिवासीही तसेच करतात. साध्या कपड्यांतील कोणी ‘पोलिस’ असल्याचे सांगून पाकीट किंवा नोटा तपासायला मागू लागला, तर पाकीट हाती न देता ‘जवळच्या पोलिस ठाण्यात चला, तेथे दाखवतो’ असे सांगावे. तोतया असेल तर त्याला तेथे यायचे नसते.

आता पैसे आणि कागदपत्रे. सर्व काही एका पाकिटात ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. दिवसाच्या खर्चापुरते युरो आणि एक कार्ड वरच्या खिशात, दुसऱ्या बँकेचे कार्ड आणि उरलेली रोकड शर्टाच्या आत बांधलेल्या कापडी पट्ट्यात, आणि दोघांची कार्डे दोघांकडे वेगवेगळी, अशी विभागणी निघण्यापूर्वी घरीच करून पाहावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमानुसार नवीन कार्डावर परदेशातील व्यवहार सुरुवातीला बंद असतात. ते बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात आणि तेथेच रोजच्या खर्चाची मर्यादाही घालता येते. ही मर्यादा कमी ठेवावी. गरज पडेल तेव्हा वाढवणे क्षणाचे काम आहे. बँकेचे ओटीपी ज्या क्रमांकावर येतात ते सिम आणि बँकेचे ॲप एकाच फोनमध्ये असते, त्यामुळे फोन गेला की कार्ड बंद करण्याचा सोपा मार्गही जातो. म्हणून बँकेचे परदेशातून लागणारे क्रमांक कागदावर लिहून दोघांनीही जवळ ठेवावेत आणि त्याची एक प्रत घरी मुलाकडे द्यावी.

पासपोर्टविषयी मतभेद आहेत. शहर बदलण्याच्या दिवशी तो अंगावर, आतल्या पट्ट्यात हवा, यात शंका नाही. मुक्कामाच्या दिवसांत तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून छायाप्रत घेऊन फिरावे, असे मी सुचवेन. काही देशांत परदेशी व्यक्तीने मूळ ओळखपत्र जवळ बाळगावे असा नियम आहे आणि पोलिसांनी विचारल्यास हॉटेलपर्यंत जाण्याचा त्रास होऊ शकतो. परंतु पासपोर्ट हरवण्याच्या त्रासापुढे तो किरकोळ आहे. पासपोर्ट गेला की त्यावर चिकटवलेला शेंगेन व्हिसाही, म्हणजे या तिन्ही देशांसाठी चालणारा युरोपचा सामाईक व्हिसाही, जातो. अशा वेळी प्रथम पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि मग भारतीय दूतावास गाठावा. पॅरिस, माद्रिद आणि रोम येथे आपले दूतावास आहेत. तेथे मिळणाऱ्या ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’वर फक्त भारतात परत येता येते, उरलेली शहरे पाहता येत नाहीत. पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाच्या प्रती आणि चार छायाचित्रे वेगळ्या पिशवीत असली, तर या कामातील वेळ वाचतो.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो, तो आपण घ्यालच. मात्र ही अट वैद्यकीय खर्चासाठी आहे. चोरी आणि पासपोर्ट यांसाठी विमापत्रात काय लिहिले आहे ते वेगळे वाचावे. भरपाईसाठी पोलिस तक्रारीची प्रत बहुधा मागितली जाते.

शक्य असल्यास प्रत्येक शहरात दिवसाउजेडी पोहोचावे. थकलेला, हातात सामान असलेला आणि रस्ता शोधणारा प्रवासी लांबूनही ओळखू येतो. पॅरिस आणि रोमच्या मुख्य विमानतळांवरून शहराच्या मध्यभागी जाण्यासाठी टॅक्सीचे दर ठरवून दिलेले आहेत; तेव्हा आत येऊन ‘टॅक्सी?’ विचारणाऱ्याच्या मागे न जाता बाहेरच्या अधिकृत रांगेत उभे राहावे. तिन्ही देशांत संकटकाळी ११२ हा क्रमांक चालतो.

प्रश्न : परदेशात मंगळसूत्र घालून जावे की नाही? सासूबाईंना ते काढलेले आवडणार नाही. (एक वाचक, कागल)

उत्तर : वाट्या आणि काळे मणी असलेली लहान पोत गळाबंद कपड्यांच्या आत घालावी, सासूबाईंचाही मान राहील. साज, मोठे गंठण आणि पाटल्या बँकेच्या लॉकरमध्येच बऱ्या. नेणारच असाल तर जाताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. नाहीतर परतताना हे सोने इथूनच नेलेले होते हे पटवून देत बसावे लागते.

प्रश्न : माझी मुलगी पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीला जात आहे. ती इचलकरंजी आणि पुणे सोडून कोठेही एकटी राहिलेली नाही. रात्री-अपरात्री ग्रंथालयातून परतताना काय करावे, आणि आम्ही येथून तिच्यावर लक्ष कसे ठेवावे? (एक पालक, इचलकरंजी)

उत्तर : रात्रीच्या वाटेची काळजी मी समजू शकतो, पण तिच्यासमोरचा पहिला धोका बहुधा भारतातच, खोली शोधताना येईल. विद्यापीठांच्या शहरांत खोल्यांची टंचाई आहे आणि भामट्यांना ती पक्की ठाऊक आहे. सुंदर छायाचित्रे, बाजारभावापेक्षा कमी भाडे, ‘मी सध्या दुसऱ्या देशात आहे, अनामत रक्कम पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असा अत्यंत सभ्य भाषेतला निरोप, हा ठरलेला साचा आहे. खोली स्वतः किंवा विश्वासू व्यक्तीमार्फत पाहिल्याशिवाय एक पैसाही पाठवू नये. विद्यार्थी वसतिगृहे चालवणाऱ्या ‘श्टुडिरेंडेनवेर्क’ या संस्थांकडे प्रवेश निश्चित होताच अर्ज करावा. तेथे प्रतीक्षायादी मोठी असते. पहिले काही आठवडे वसतिगृह मिळाले नाही, तर प्रवाशांसाठीच्या नोंदणीकृत हॉस्टेलमध्ये राहणे खर्चाचे असले तरी अनामत बुडण्यापेक्षा स्वस्त पडते.

रात्रीविषयी. जर्मनीत पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका व अग्निशमनासाठी ११२ हे क्रमांक आहेत. ते तिला तोंडपाठ असावेत. रात्री एकट्याने घरी जाणाऱ्याला पोहोचेपर्यंत फोनवर सोबत करणारी ‘हाइमवेगटेलेफोन’ नावाची सेवा तेथे स्वयंसेवक चालवतात. तिचा क्रमांक आणि वेळा तिने पोहोचताच पाहून ठेवाव्यात. काही शहरांत रात्रीच्या बसचा चालक विनंती केल्यास दोन थांब्यांच्या मध्येही उतरू देतो. कानात हेडफोन घालून चालू नये, आणि पहिल्या आठवड्यात परतीची वाट दिवसा एकदा चालून कोणती दुकाने रात्री उघडी असतात ते पाहावे. नकाशात हे कळत नाही.

आपण येथून लक्ष कसे ठेवायचे, याबाबत थोडे स्पष्ट लिहितो. दर तासाला फोन करणारे पालक मुलीला सुरक्षित करत नाहीत, तिला खोटे बोलायला शिकवतात. उशीर होणार असेल तेव्हा तिने व्हॉट्सॲपवर आठ तासांसाठी लाइव्ह लोकेशन पाठवावे आणि इतर वेळी दिवसातून एकदा बोलावे, एवढे ठरवणे पुरेसे आहे. भारतीय वेळ जर्मनीच्या वेळेपेक्षा हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असते, हे लक्षात ठेवले तर पहाटे फोन न आल्याने होणारा घोरही कमी होईल.

आपल्यालाही एका गोष्टीची तयारी करावी लागेल. ‘तुमच्या मुलीला पोलिसांनी पकडले आहे, सुटकेसाठी ताबडतोब पैसे पाठवा’ असे सांगणारे फोन परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या घरी येतात आणि मागे रडण्याचा आवाजही ऐकवला जातो. घरातल्यांनाच माहीत असेल असा एखादा प्रश्न आत्ताच ठरवून ठेवा, आजोळच्या म्हशीचे नाव विचारले तरी चालेल. असा फोन आला की तो बंद करून थेट मुलीला लावा. ती उचलत नसेल तर तिच्या मैत्रिणीला किंवा विद्यापीठाला लावा, म्हणजे त्यांचे क्रमांक आधीच आपल्याकडे हवेत. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

प्रश्न : मला बँकॉकमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी मिळाली आहे. मुलाखत टेलिग्रामवर झाली. पगार इथल्या चौपट आहे. तिकीट कंपनीच काढणार असून सध्या पर्यटक म्हणून या, कागदपत्रे नंतर करू, विमानतळावर गाडी न्यायला येईल, असे सांगितले आहे. घरचे घाबरतात. काय करावे? (एक तरुण वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : जाऊ नका. या पत्रातील जवळजवळ प्रत्येक वाक्य एका ओळखीच्या सापळ्याचे आहे. अशा ‘नोकरी’ला गेलेल्या तरुणांना बँकॉकच्या विमानतळावरून गाडीने मे सॉट या सीमेवरच्या गावी नेतात, तेथून मोएई नदी ओलांडून म्यानमारमधील म्यावाडी भागात पोहोचवतात आणि कुंपणाआड कोंडून इतरांची ऑनलाइन फसवणूक करण्याचे काम त्यांच्याकडून करून घेतात. पासपोर्ट काढून घेतला जातो आणि सुटकेसाठी खंडणी मागितली जाते. मार्च २०२५ मध्ये अशा ठिकाणांहून सुटलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी मायदेशी आणावे लागले. कंबोडिया आणि लाओसमध्येही हे प्रकार घडले असून परराष्ट्र मंत्रालयाने त्याबाबत वारंवार इशारे दिले आहेत.

पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशावर थायलंडमध्ये नोकरी करता येत नाही. त्यामुळे ‘कागदपत्रे नंतर’ म्हणणारा मालक पहिल्या दिवसापासून तुम्हाला गुन्हेगार ठरवून आपल्या मुठीत ठेवतो. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला भारतात १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते आणि ती ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. तुम्हाला नोकरी देऊ करणाऱ्यांकडे हा नोंदणी क्रमांक मागा; बहुधा त्यानंतर संभाषणाचा सूर बदलेल.

तिकीट त्यांनी काढले म्हणून जाण्याचे बंधन तुमच्यावर येत नाही. त्या पैशांच्या नावाने धमक्या आल्या तरी काहीही पाठवू नका. पासपोर्टची प्रत किंवा बँकेचा तपशील दिला असेल तर बँकेला आजच कळवा. टेलिग्रामवरील संभाषण पुसू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि ते घेऊन पोलिसांकडे जा, कारण याच सापळ्यात तुमच्यासारखे आणखी काही जण असतील आणि त्यांतील एखाद्याचे विमान याच आठवड्यात असेल.