पहिला बर्फाळ हिवाळा आणि वसंताची वाट
पहिलाच हिवाळा ना तुझा, मग जानेवारीत जीव मेटाकुटीला येणारच, माझंही तेच झालं होतं. पण सगळ्यात छोटा दिवस 21-22 डिसेंबरलाच होऊन गेला, उजेड आता रोज वाढतोय, फक्त जमीन नि समुद्र अजून थंड होतच असतात म्हणून खरी कडाक्याची थंडी त्यानंतर पडते. त्यामुळे थर्मामीटरकडे बघू नकोस, सूर्यास्ताची वेळ रोज लिहून ठेव, फरक दिसला की खूप धीर येतो.

दुपारी 20 मिनिटं तरी बाहेर जाच, ढगाळ असलं तरी तिथला उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो.

आणि फेब्रुवारीत फोर्सिथिया नावाच्या झुडपाची फांदी कापून आण, कोमट पाण्यात ठेव, पाणी बदलत राहा, दोनेक आठवड्यांत घरातच पिवळी फुलं येतात (फार लवकर कापू नकोस हं, कळ्यांना आधी पुरेशी थंडी मिळावी लागते, नाहीतर त्या उघडतच नाहीत). मी दरवर्षी करते, त्या पिवळ्या रंगाने घर अक्षरशः जागं होतं.

मार्चमध्ये चार दिवस ऊन पडलं म्हणून जाड कोट आत टाकू नकोस, बर्फ परत येतो.

आणि नुसती झोप येतेय, कशातच मन लागत नाही असं दोन आठवडे चाललं तर सरळ डॉक्टरांशी बोल, प्लीज.