लातूरसारख्या ठिकाणी समुद्री माशांच्या, खाऱ्या पाण्याच्या टँकचं पाणी दर आठवड्याला बदलावंच लागतं का?

नाही. आधी टेस्ट किटनं पाणी तपासा, मग ठरवा. हा नियम मुख्यतः नायट्रेट (माशांच्या घाणीतून शेवटी तयार होणारा क्षार) साचू नये म्हणून आहे. मासे मोजके, लाइव्ह रॉक (पाणी शुद्ध करणारे जिवाणू असलेले समुद्री दगड) भरपूर आणि खाणं हात राखून असेल, तर नायट्रेट आठवड्यात फारसं वाढतच नाही. ते शून्यच हवं, हेही मला पटत नाही. कोरलच्या (प्रवाळाच्या) अंगात राहणाऱ्या शैवालाला थोडं नायट्रेट-फॉस्फेट लागतंच, नाहीतर कोरल फिकं पडतं. ५-१० पीपीएम (दहा लाखांत ५-१० भाग) नायट्रेटला घाबरू नका. अमोनिया आणि नायट्राइट मात्र शून्यच पाहिजेत.

आपल्याकडं बोअरचं पाणी जड, म्हणजे आरओ आलाच, आणि तो वापरण्याजोग्या पाण्यापेक्षा जास्त पाणी वाया घालवतो. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या शहरात हे मनाला लागतं. आरओचं ते वाया जाणारं पाणी फरशीला, संडासाला वापरा, पण मुळात गरजेपुरतंच बदला.

चिलरशिवाय (टँकचं पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) जमत नाही, हे मुंबईच्या दमट हवेत ठीक. आपली एप्रिल-मेची हवा कोरडी. झाकण काढून पाण्यावर तिरका छोटा पंखा सोडला की तापमान दोन-तीन अंशांनी सहज उतरतं. भर उन्हाळ्यात खोलीच फार तापत असेल, तर कूलरही लागेल. पाणी भराभर उडतं, मीठ मागंच राहतं. म्हणून काचेवर खूण करा आणि रोज तिथपर्यंत बिनमिठाचं आरओचं पाणी घाला. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या उपकरणावर) क्षारता ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग) आसपास हवी.

कडक कोरल (चुन्याचा सांगाडा बांधणारं) ठेवणार असाल तर कॅल्शियम आणि अल्कॅलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट-बायकार्बोनेट) वेगळी द्यावी लागेल.