पाणबुडीने ट्रेन उडवली ते खरं का? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिकमधल्या पाणबुड्यांवर लिहिलं होतं. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरेच प्रश्न आलेत. जागा कमी आहे म्हणून चारच घेतोय.

काका, मी कोपरखैरण्याला राहतो, नववीत आहे. बार्ब नावाच्या अमेरिकन पाणबुडीने जपानची ट्रेन उडवली असं तुम्ही लिहिलं होतं. बाबा म्हणतात पाणबुडी पाण्यात, ट्रेन जमिनीवर, हे शक्यच नाही. खरं काय?

अरे बाबांना सांग, अगदी खरं आहे. बार्बचा कॅप्टन होता यूजीन फ्लकी. जुलै १९४५, म्हणजे युद्ध संपायला महिनाही राहिला नव्हता, बार्ब काराफुतोच्या किनाऱ्याजवळ होती, काराफुतो म्हणजे सखालिन बेटाचा दक्षिण भाग, तो तेव्हा जपानकडे होता. तिथे किनाऱ्याला लागून रेल्वेलाइन, आणि पेरिस्कोपमधून रोज मालगाड्या जाताना दिसायच्या. मग ठरलं की गाडी उडवायची, पण कशी? माणसाने तिथे बसून बटण दाबायचं तर तो माणूस परत येणार नाही, आणि माणूस मागे सोडायचा नाही हे फ्लकीचं पक्कं होतं.

तोडगा काढला बिली हॅटफिल्ड नावाच्या इलेक्ट्रिशियनने. तो लहानपणी रेल्वेच्या रुळाखाली अक्रोड ठेवायचा, वरून गाडी गेली की रूळ किंचित दबतो आणि अक्रोड फुटतो. तो म्हणाला अक्रोडाच्या जागी स्विच ठेवू, गाडीच गाडीला उडवेल! तुला हे बघायचं असेल तर ठाणे स्टेशनला प्लॅटफॉर्मवर, पिवळ्या पट्ट्याच्या मागेच उभा राहा हं, आणि समोरच्या रुळावरून फास्ट लोकल जाताना चाकांखाली नीट बघ, रूळ स्लीपरसकट थोडासा खालीवर होताना दिसेल. तेवढ्याच हालचालीवर त्यांचा सगळा प्लॅन उभा होता.

तेवीस जुलैच्या मध्यरात्रीनंतर आठ जण रबरी होड्यांतून उतरले. स्फोटकं म्हणजे वेळ आलीच तर आपलीच पाणबुडी बुडवायला ठेवलेला ५५ पाउंडांचा चार्ज, साधारण २५ किलो. कुदळ फावडी बोटीवर नव्हतीच, ती इंजिनरूममध्ये स्टीलच्या प्लेट कापून वाकवून बनवली. मातीत खड्डा खणताना मध्येच एक गाडी आली, सगळे झुडपांत आडवे झाले, गाडी गेल्यावर परत कामाला. शेवटची वायर जोडताना बाकीच्यांनी लांब जाऊन लपायचं अशी ऑर्डर होती, तरी सगळे हॅटफिल्डच्या खांद्यावरून वाकून बघत होते असं सांगतात, कारण चूक झाली तर ती एकट्याची राहणार नव्हती. ते होड्या वल्हवत परत येत असतानाच दुसरी गाडी आली, फ्लकीने सगळा गुपचूपपणा सोडून मेगाफोनवरून ओरडून त्यांना जोरात वल्हवायला सांगितलं आणि पावणेदोनच्या सुमारास किनाऱ्यावर आगीचा डोंब उठला. आठच्या आठ परत आले. बार्बच्या झेंड्यावर बुडवलेल्या जहाजांच्या खुणांसोबत एका ट्रेनचं चित्रपण शिवलेलं आहे.

फ्लकीला अमेरिकेचं सर्वोच्च पदक आधीच, चीनच्या किनाऱ्यावरच्या नामक्वान बंदरात घुसून हल्ला केल्याबद्दल मिळालेलं होतं. पण त्याला जास्त अभिमान कशाचा, तर त्याच्या हाताखालच्या एकालाही जखमी सैनिकाचं पदक घ्यायची वेळ आली नाही याचा. मला हा माणूस आवडतो तो त्यासाठी.

सर, मी रबाळे एमआयडीसीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. अमेरिकन टॉर्पेडो फुटायचे नाहीत असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. फॉल्ट नक्की काय होता आणि तो पकडला कोणी?

एका ओळीत उरकलं ते चुकलंच माझं, कारण ही गोष्ट तुमच्यासारख्यांनीच वाचायला हवी. मार्क १४ या अमेरिकन पाणबुड्यांच्या मुख्य टॉर्पेडोत एक नाही, तीन दोष होते आणि ते एकाखाली एक लपलेले. एक टॉर्पेडो दहा हजार डॉलरच्या वर, त्यामुळे युद्धाआधी खरा फोडून टेस्ट करायला कोणी तयार नव्हतं. पहिला दोष, टॉर्पेडो सेटिंगपेक्षा दहा-अकरा फूट खोल जायचा, म्हणजे जहाजाच्या खालून निघून जायचा. तिथल्या अमेरिकन पाणबुड्यांचा प्रमुख अॅडमिरल लॉकवूड, त्याने जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियात अल्बनीजवळ सरळ मच्छीमारांचं जाळं पाण्यात सोडलं, त्यावर टॉर्पेडो मारले आणि भोक किती खोलीवर पडलंय ते मोजलं! आपल्या खाडीवरच्या कोळ्यांना विचारलं असतं तरी त्यांनी हाच उपाय सांगितला असता. दुसरा दोष चुंबकीय फ्यूजचा, तो टार्गेटपर्यंत पोचायच्या आधीच फुटायचा, तो पॅसिफिकमधल्या अमेरिकन आरमाराचा प्रमुख निमिट्झने जून १९४३ मध्ये बंद करायला लावला.

तिसरा सगळ्यात वाईट. २४ जुलै १९४३, टिनोसा पाणबुडीचा कॅप्टन डॅस्पिट, समोर तोनान मारू नंबर ३ हे १९ हजार टनांचं जहाज पाण्यात थांबलेलं, काटकोनात नेम धरून एकामागून एक टॉर्पेडो मारतोय, लागतायत पण फुटत नाहीत. पंधरा मारले, आणि शेवटचा न मारता पर्ल हार्बरला परत घेऊन आला, तपासा म्हणून. वरचं ऑफिस आतापर्यंत कॅप्टन लोकांच्या नेमालाच दोष देत होतं. मग लॉकवूडने हवाईतल्या काहोओलावे बेटाच्या कड्यावर टॉर्पेडो मारून बघितले, क्रेनवरून ९० फुटांवरून वॉरहेड, म्हणजे टॉर्पेडोचं पुढचं टोक, स्टीलच्या प्लेटवर टाकून बघितले. सरळ आपटलेल्या दहापैकी सात फुटले नाहीत. तिरके आपटले तर निम्मे फुटायचे. म्हणजे जेवढा नेम चांगला तेवढा टॉर्पेडो बेकार, कारण धडक सरळ बसली की फायरिंग पिन, म्हणजे स्फोट सुरू करणारी पिन, आपल्या गाईडमध्येच अडकायची, वाकायची. पिन हलकी केली आणि प्रश्न मिटला, पण पर्ल हार्बरनंतर पावणेदोन वर्षांनी. तोपर्यंत असले टॉर्पेडो घेऊन जी पोरं शत्रूच्या विनाशिकेसमोर गेली त्यांचा विचार केला की माझा जीव तुटतो.

वाशीहून एका वाचकांचा प्रश्न: या अमेरिकन पाणबुड्यांचा भारताशी कधी संबंध आला का?

आला. १९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ बुडालेली पाकिस्तानची गाझी ही मुळात अमेरिकेची डायब्लो. ती १९४५ मध्ये नौदलात आली, पॅसिफिकमध्ये पहिल्या युद्धगस्तीवर निघाली आणि वाटेतच युद्ध संपलं, आणि १९६४ मध्ये ती पाकिस्तानला दिली गेली.

नमस्कार. मी नौपाड्याची, निवृत्त शिक्षिका. वाहू पाणबुडी शाळेच्या अॅटलासवरून बंदरात शिरली हे वाचून मुलांना सांगावंसं वाटलं. पण पुतण्या म्हणाला, आत्या, त्याच कॅप्टनने पुढे हिंदी सैनिक मारले. हे खरं असेल तर मुलांना काय सांगू?

बाई, पुतण्या बरोबर सांगतोय, आणि मागच्या वेळी मी ते लिहायला हवं होतं. जानेवारी १९४३, कॅप्टन मॉर्टनला न्यू गिनीतलं वेवाक बंदर पाहून यायला सांगितलं होतं आणि बोटीवर त्या बंदराचा चार्टच नव्हता. एका मेकॅनिकने ऑस्ट्रेलियात स्वस्तातला शाळेचा अॅटलास घेतलेला होता, त्यातलं ते नखाएवढं बंदर कॅमेऱ्याची भिंग आणि दिवा वापरून मोठं करून कागदावर गिरवलं, आणि २४ जानेवारीला त्या कागदावर वाहू आत गेली. तिथे हारुसामे ही जपानी विनाशिका सरळ अंगावर धावून आली, आधीचे टॉर्पेडो चुकलेले, तरी मॉर्टन पळाला नाही, समोरून येणाऱ्या निमुळत्या नाकावर नेम धरून तिला मोडली. हे सगळं धाडस खरं आहे.

दोनच दिवसांनी, २६ जानेवारीला, त्याने बुयो मारू हे जहाज बुडवलं. पाण्यात होड्या, तराफे, माणसं. होड्यांमधून आपल्यावर गोळीबार झाला असं मॉर्टनचं म्हणणं होतं, आणि त्याने वर येऊन तोफा-मशीनगन चालवल्या. त्या पाण्यात जपानी सैनिकांबरोबर १६व्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे हिंदी युद्धकैदीपण होते. मलाया-सिंगापूरच्या लढाईनंतर जपानच्या कैदेत गेलेले, आणि आता आपल्याच बाजूच्या बंदुकांपुढे. जहाजावर ११२६ माणसं होती, त्यातले १९५ हिंदी आणि ८७ जपानी मेले. वाहू मास्टला झाडू बांधून पर्ल हार्बरला परतली, सगळं साफ केलं म्हणून, आणि मॉर्टनचा सत्कार झाला. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला ला पेरूजच्या सामुद्रधुनीत वाहू सगळ्या माणसांसकट गेली, तिचा सांगाडा २००६ मध्ये सापडला.

मॉर्टन शूर होता. पण पाण्यात पडलेल्या माणसांवर गोळ्या चालवणं चूक होतं, मेलेले सगळे जपानी असते तरी चूकच होतं. तुम्ही मुलांना अॅटलासची गोष्ट जरूर सांगा, आणि त्याच तासाला बुयो मारूचीही सांगा. नववी-दहावीच्या मुलांना ते पेलतं, तुम्ही एवढी वर्षं शिकवलंय, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. वर्गात नकाशा असेल तर वेवाकवर बोट ठेवल्यानंतर ते तसंच उत्तरेला समुद्रात सरकवा, बुयो मारू तिकडेच कुठेतरी आहे.