बॅटरीच्या भट्टीशेजारचं शेत, आणि मालक म्हणतोय बाँडवर सही कर

बेळगावजवळच्या एका शेतकरी दादांनी विचारलंय. बांधाला लागून जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचं युनिट आहे, दोन वर्षांमागं पंचायतीत अर्ज दिला तो तसाच पडून, आता मेथी पिवळी पडतीय, एक म्हैस दगावली, आणि प्रायव्हेट लॅबच्या रिपोर्टात मातीत भरपूर शिसं निघालं. मालक म्हणतो विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट क्लिअर आहे, दोन लाख घ्या आणि पुढं कुठंच तक्रार करणार नाही असं बाँडवर लिहून द्या. सही करू का?

दादा, सही करू नका. 'कोर्टात जाणार नाही' ही अट करार कायद्याच्या कलम 28 नं टिकत नाही, पण त्याच कागदावर 'पूर्ण भरपाई मिळाली' अशी ओळ असणारच, आणि ती मात्र तुमच्या गळ्यात पडेल.

विहिरीच्या रिपोर्टाला घाबरायचं काही कारण नाही. शिसं चिकणमातीला, शेणखताच्या अंशाला, लोहाच्या ऑक्साइडला धरून बसतं, सहसा वरच्या वीतभर थरातच राहतं, खाली फारसं उतरत नाही, म्हणजे पाणी स्वच्छ आणि माती खराब हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं की ओ! आणि बॅटरीचं ॲसिड नाल्यातनं शेतात येत असेल तर माती आंबट होऊन तेच शिसं सुटायला लागतं, म्हणून पाणीसुद्धा परत तपासून घ्या. रयत संपर्क केंद्राचं (कृषी खात्याचं ऑफिस) माती कार्ड दाखवून कोणी 'सगळं नॉर्मल' म्हणालं तर ऐकू नका, त्यात 12 गोष्टी तपासतात, शिसं नाही.

आता नांगरट थांबवा. वरची माती खाली गेली की पुरावाच पातळ होतो. कंपाउंडच्या भिंतीपासनं थोड्या थोड्या अंतरावर वरच्या 15 सेंटीमीटरातले नमुने घ्या, एक लांबच्या शेतातला पण, तारखेचे फोटो, पंच, आणि एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली लॅब. तरी मालक म्हणेल नमुने तुम्हीच घेतले, म्हणून कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं लेखी मागा की पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम 11 प्रमाणं मातीचा नमुना घ्या, त्यात नोटीस, सील, सही सगळं येतं. पोच घ्या. सोबत आरटीआय टाकून युनिटच्या परवानगीची कॉपी काढा, कधीकधी अर्धी केस त्यातच असते.

दावा राष्ट्रीय हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या केसेसच्या कोर्टात, आपल्याकडं चेन्नईचं खंडपीठ. कोणीतरी सांगेल सहा महिने उलटले, आता काही होत नाही. ती मुदत हरित लवाद कायद्याच्या कलम 14 ची, म्हणजे पर्यावरणाच्या इतर वादांची. भरपाई आणि जमीन पूर्ववत करायची मागणी कलम 15 खाली येते, तिथं 5 वर्षं आहेत, पण नुकसानीचं कारण पहिल्यांदा घडलं तिथनं मोजतात, म्हणून पंचायतीचा तो जुना अर्ज जपून ठेवा. पीक, माती, दुभती जनावरं हे सगळं कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय. म्हशीसाठी मात्र पशुवैद्यकाचा कागद लागेल, नाहीतर तो मुद्दा कच्चा. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नाही, पण शिसं त्याच्याच भट्टीतनं आलं हे जोडून दाखवावं लागेल, आणि भिंतीपासनं लांब जाईल तसं शिसं कमी होत गेलेलं दिसलं तर त्याहून चांगला साक्षीदार नाही.

फी मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का, कमीत कमी 1000 रुपये. कागद इंग्रजीत लागतात, त्यामुळं कन्नड उतारा आणि मराठी अर्ज भाषांतर करून घ्या. बाँडचा मसुदा हातात आलाच असेल तर परत देण्याआधी झेरॉक्स काढा.