तळघरात पाणी भरतं, मग कोणता विमा?

प्रश्न : माझी पेट्रोल मोटार सात वर्षांची आहे. नुसता थर्ड पार्टी विमा पुरेल का? पावसाळ्यात सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी भरतं. – एक वाचक, ठाणे

उत्तर : कायद्यापुरता पुरेल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार तेवढाच सक्तीचा आहे. तोही नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण त्यातून भरपाई मिळते ती समोरच्याला. तुमच्या गाडीत पाणी शिरलं तर दमडीही नाही.

तुमच्या बाबतीत सर्वसमावेशक, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी पॉलिसीच घ्यावी, आणि तिला इंजिन प्रोटेक्शनची (पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनाचा खर्च देणारी) जोड हवीच. खरी मेख इथे आहे. पाण्यात उभ्या गाडीला स्टार्टर मारला की पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं. ते दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुराचं नसून नंतरच्या कृतीचं, असं म्हणून साध्या पॉलिसीत दावा बहुधा फेटाळतात. तेव्हा चावी फिरवू नका. जमल्यास बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाण्याची पातळी दिसेल असे फोटो घ्या, कंपनीला कळवा आणि गाडी टो करूनच न्या.

सात वर्षांच्या गाडीत धातूच्या सुट्या भागांवर ४० टक्के, रबर-प्लास्टिकवर ५० टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) भरपाईतून कापतात, काचेवर नाही. झिरो डेप (हा घसारा न कापण्याची जोड) मिळत असेल तर हप्ता ताडून बघा, या वयाला बऱ्याच कंपन्या देत नाहीत. आणि मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही, तर साठवलेला नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो.